जुनी टाकी, खारं पाणी

साशंक : खाऱ्या पाण्याची जुनी टाकी विकायला निघते तेव्हा काच, दिवा, पंप, हीटर, खडक आणि बहुतेक वेळा दोन-तीन मासे असं सगळं एकगठ्ठा स्वस्तात मिळतं. तुम्हाला ती संधी वाटते. मला ती कुणीतरी अर्ध्यावर सोडलेली जबाबदारी वाटते. छान चाललेली टाकी माणूस सहसा विकत नाही. त्यातून ५०-६० लिटरची टाकी! गोड्या पाण्यातले गप्पी पाळणाऱ्याला वाटतं, लहानापासून सुरुवात करावी, जमलं तर मोठी घ्यावी. समुद्री जिवांच्या बाबतीत हे उलटं आहे. प्रवाळखडकांभोवती पाण्याचा खारटपणा आणि सामू सहसा थोडाच बदलतो, तापमानही सावकाश बदलतं. मोठ्या टाकीत हा स्थिरपणा पाण्याच्या प्रमाणामुळेच बराचसा मिळतो. लहान टाकीत तो रोज हाताने राखावा लागतो. म्हणजे नवशिक्याने सगळ्यात अवघड आकार निवडायचा, तोही दुसऱ्याने नाद सोडलेला. यात शहाणपण कुठे आहे?

हौशी : नाद सुटला हे खरं, पण तो का सुटला हे विकणाऱ्याला विचारावं. उत्तरं साधारण ठरलेली असतात. मासे एकदम भरले, नळाचं पाणी वापरलं, पहिल्याच महिन्यात समुद्रफूल आणलं, गावाला गेल्यावर टाकीकडे पाहायला कुणी नव्हतं. यांतलं एकही कारण काचेत नसतं. काच जुनी होऊन बिघडत नाही. बिघडतो तो सांध्यातला सिलिकॉन. तो कडेने सुटलाय का, कोपऱ्यात ओघळ वाळल्याची पांढरी रेघ दिसते का, हे पाहायचं. घरी आणल्यावर सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरून दोन-तीन दिवस तशीच ठेवायची. पंप सुटा करून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवला की चुन्याचे थर निघतात आणि तो पुन्हा नीट फिरतो. जुना हीटर मात्र मी घेत नाही. त्याचा थर्मोस्टॅट अडकला तर एवढ्याशा पाण्यातले मासे काही तासांत मरतात. आणि लहान आकाराचं म्हणाल तर भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहणाऱ्याला ३०० लिटरची टाकी शक्यच नसते. त्याने समुद्राकडे पाहूच नये का? मोठ्या टाकीतली माणसाची चूक पाणी काही काळ झाकून ठेवतं. लहान टाकी ती दुसऱ्याच दिवशी दाखवते. ज्याला शिकायचं आहे, त्याला याचा उपयोगच होतो.

साशंक : ती चूक दाखवते, पण दंड मासा भरतो. साधा हिशेब करू. टाकीत प्रत्यक्ष पाणी ५० लिटर आहे आणि खारटपणा लिटरला ३५ ग्रॅम. उघड्या टाकीतून, वर पंखा लावला असेल तर, रोज लिटरभर पाणी उडून जाऊ शकतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं. आठवडाभर कुणी लक्ष दिलं नाही तर ४३ लिटर पाणी उरतं आणि खारटपणा ४१ ग्रॅमजवळ जातो. मग घाबरलेला माणूस पातळी भरून काढायला पुन्हा खारं पाणी ओततो आणि टाकीतलं एकूण मीठ आणखी वाढवतो. तापमानाचंही तसंच. या जिवांना २५ ते २७ अंश मानवतात. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीचं तापमान तिसाच्या वर जातं. चिलर घ्यावा तर तो टाकीपेक्षा महाग पडतो. पंख्याच्या वाऱ्याने पाणी उडतं तेव्हा ते थंडही होतं, म्हणून लोक पंखा लावतात. पण पावसाळ्यात हवाच दमट असते, पाणी उडत नाही आणि पंख्याचा गुण कमी होतो. त्यात गावाकडे चार-सहा तास वीज गेली तर पंप थांबतो, पाणी हलत नाही आणि त्यातला प्राणवायू कमी होत जातो. तुम्ही आपल्या हवामानाशीच भांडण मांडून बसला आहात.

हौशी : हिशेब बरोबर आहे. उपायही त्यातूनच निघतो. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त बिनक्षाराचं गोडं पाणी घालायचं, तेही रोज, थोडं थोडं. काचेवर पातळीची खूण केली की एवढं काम घरातलं कुणीही करू शकतं. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रावर मात्र विसंबू नये. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत टीडीएस नियंत्रक असतो आणि तो चवीसाठी काही क्षार पाण्यात ठेवतो. मत्स्यालयाला टीडीएस शून्याजवळचं पाणी लागतं. त्यात समुद्री क्षारांचं तयार मिश्रण घालायचं, जेवणातलं मीठ नव्हे, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आलं का ते पाहायचं. चौपाटीचं पाणी आणण्याचा मोह टाळावा. शहराच्या किनाऱ्यालगत सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात तिथला खारटपणाही उतरतो. वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवायचा. उरला उन्हाळा. त्यासाठी टाकीला खिडकीपासून दूरची भिंत द्यायची, दुपारी दिवे बंद ठेवून ते संध्याकाळी लावायचे आणि जीव मोजके ठेवायचे. एवढ्या पाण्यात क्लाउनफिशची एक जोडी, काही शंख, एखादा शंखातला खेकडा, बस. उन्हाळा सोसत नाही अशा प्रवाळांचा हट्टच धरायचा नाही. मी हवामानाशी भांडत नाही. माझ्या घराला किती जीव झेपतील, ते हवामानालाच ठरवू देतो.

साशंक : ठीक. जे मोजता येतं त्याची तयारी तुम्ही केलीत. जे मोजता येत नाही त्याचं काय? जुन्या टाकीचा इतिहास विकणाराही पूर्ण सांगू शकत नाही. कधीतरी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले आणि त्याने मुख्य टाकीतच तांब्याचं औषध घातलं असेल. त्या मात्रेत मासा वाचतो, पण शंख, झिंगे, समुद्रफुलं यांना तांबं विष आहे, आणि चुनखडीच्या खडकांत, वाळूत ते मुरून राहतं. ते पांढरे ठिपके ज्या परजीवीचे, त्याच्या गाठी खडकांना, वाळूला चिकटून आठवडेच्या आठवडे थांबतात. जुनी वाळू उपसली की तळाची साचलेली घाण वर येते, काळ्या थरातून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे तो खडक. त्यावर झोअँथिडच्या जातीचे जीव वाढलेले असू शकतात. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं तीव्र विष असतं. खडक स्वच्छ व्हावा म्हणून तो चुलीवर उकळला तर वाफेतून ते विष माणसांच्या फुप्फुसांत जातं. असं करून घरंच्या घरं दवाखान्यात गेलेली आहेत. एवढं सगळं नवशिक्याने ओळखायचं?

हौशी : ओळखायचं कशाला, घ्यायचंच नाही. जुन्या टाकीतून काय घ्यावं यापेक्षा काय घेऊ नये हे आधी पक्कं हवं. वाळू घ्यायची नाही. औषधांचा इतिहास नीट सांगता येत नसेल तर खडक घ्यायचा नाही. आणि खडक कुठलाही असो, तो उकळायचा नाही, म्हणजे नाहीच. माझी टाकी भाजलेल्या मातीच्या किंवा सिमेंटच्या कृत्रिम खडकांवर उभी राहते. त्यांच्या छिद्रांतही जिवाणू वसतात, फक्त वेळ लागतो. या वेळेबद्दलच मला बोलायचं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. समुद्री टाकीच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ ते ८.४, आणि सामू जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश जास्त. काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढतो. ही वसाहत नीट बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. तोवर टाकीत मासा नसतो; चिमूटभर खाद्य किंवा मोजून अमोनिया घालायचा आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहायचं. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. जुनं काही वापरलंच असेल, तर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी यजमान माशाविना संपावा म्हणून हा काळ अडीच महिन्यांपर्यंत लांबवायचा. ज्याला माशांशिवायच्या टाकीत अडीच महिने रस वाटत नाही, त्याने इथेच थांबावं. हा छंद पाण्याचा आहे. मासे त्यात मागाहून येतात.

साशंक : ही चाळणी मला पटते. फक्त ती दुकानदार लावत नाही आणि जुना माल विकणाराही लावत नाही. पण समजा तुम्ही तिच्यातून पार झालात. आता माझा मूळ आक्षेप. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे शेततळ्यांत नाहीतर टाक्यांत जन्मतात. समुद्री माशांच्या बहुतेक जाती अजूनही समुद्रातूनच पकडून येतात. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून मासे गुंगवून पकडायला सायनाइड वापरलं गेलं. त्यात मासे मेले आणि प्रवाळही मेले. इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवती एक काळा-पांढरा कार्डिनल मासा राहतो. नर पिलांना तोंडात वाढवतो आणि तोंडातून सुटलेली पिलं तिथेच आसपास राहतात, दूरच्या समुद्रात पसरत नाहीत. म्हणून एका ठिकाणचे मासे पकडून संपवले तर बाहेरून नवे येत नाहीत. १९९०च्या दशकात तो मत्स्यालयांच्या बाजारात आला आणि २००७ मध्ये संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. हे दुखणं नवं नाही. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं. ते निसर्गावर मनापासून प्रेम करणारे होते. त्यांचं वाचून लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. पुढे त्यांच्याच मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत ते किनारे कसे लुटले गेले याचं दुःख मांडलं. समुद्रावर प्रेम करणाऱ्यांनीच किनारा रिकामा केला. तुमचं प्रेम त्यांच्याहून वेगळं कसं?

हौशी : प्रेम वेगळं नाही. पण त्यांच्यापुढे एकच वाट होती, आज दोन आहेत. क्लाउनफिश खडकाच्या सपाट बाजूवर अंडी घालतो, नर ती राखतो, आठवडा-दहा दिवसांत पिलं बाहेर पडतात आणि रोटिफर नावाच्या सूक्ष्म जिवांवर वाढवता येतात. आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे करून दाखवलं. नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानाने शोभिवंत समुद्री माशांच्या पैदाशीचं काम हाती घेतलं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभिवंत झिंगे वाढवण्याच्या कामात बेटावरच्या स्त्रियांना सामील करून घेतलं गेलं. म्हणजे मासा समुद्रातून उचलल्याशिवाय हा छंद करता येतो आणि त्यातून किनाऱ्यावरच्या माणसाला पैसाही मिळू शकतो. प्रवाळांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा. २००१ मध्ये त्याच्या परिशिष्टांत खडक उभारणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या आल्या. तेव्हा समुद्रातून तोडलेला खडक किंवा प्रवाळ मला नको, हा माझा चांगुलपणा नाही. तेवढं तर कायदाच मागतो. माझी निवड त्यापुढे सुरू होते. हा मासा कुठे जन्मला याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसेल, तर मी मासा घेत नाही.

साशंक : मग मला सांगा, टाकीच कशाला? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे पाण्यात डोकं घालून प्रवाळ बघता येतात. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीला लोकांना खडकाळ किनाऱ्यावर नेऊन समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी दाखवतात. समुद्र जिथे आहे तिथे जाऊन पाहणारा माणूस त्याच्यासाठी उभाही राहील. वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे कितीतरी मुंबईकरांना २०२० मध्ये कळलं, किनारी रस्त्याच्या कामासाठी ते हलवायची वेळ आली तेव्हा. घरातल्या चौकोनी समुद्राकडे पाहणाऱ्याचं लक्ष बाहेरच्या समुद्राकडून उडत असेल, तर तुमची पैदाशीची जोडीही मला निर्दोष वाटत नाही.

हौशी : किनाऱ्यावर जायलाच हवं, टाकी असो वा नसो. पण तिथे मी पाहुणा असतो. ओहोटी संपली की परत फिरतो. रोज त्याच जिवांना पाहिल्याने जे कळतं ते मला भेटीत कळत नाही. क्लाउनफिशच्या जोडीत मोठी ती मादी. ती गेली तर नराचीच मादी होते. हे पुस्तकात आहे, पण दोघांमधली रोजची ओढाताण, कोण आधी खातं, कोण अंग थरथरवून नमतं, हे शेजारी राहूनच दिसतं. विज्ञानालाही अशा राहण्याचा उपयोग झालेला आहे. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कठीण प्रवाळ लंडनला आणले आणि ते जगावेत म्हणून समुद्राचं पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यात हवा मिसळण्याची व्यवस्था केली. पुढे १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी लेख लिहून दाखवलं की जिवंत खडक आणि थोडी हवा एवढ्यावर समुद्री टाकी तग धरते. घरात बसून कुणीतरी चिकाटीने पाहिलं, म्हणून पाणी कसं जगतं हे आपल्याला समजलं. आणि आणखी एक गोष्ट तुम्ही विसरताय. जुन्या टाकीसोबत जे दोन मासे येतात, ते आज जिवंत आहेत. विकणारा गाव सोडून चाललाय. त्यांना समुद्रात सोडणं चूकच. रोगही जाईल आणि परक्या समुद्रातली जातही. क्लाउनफिश नीट पाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्यांचं कुणीतरी करायला हवं की नाही?

साशंक : करायला हवं. इथे तुम्ही मला खरोखर अडवलंत. पण या मुद्द्याचा दुसरा अर्धा भागही पाहा. ते मासे आजच हवेत, तर तुमची अडीच महिन्यांची रिकामी टाकी कुठे गेली? जिवंत मासे घ्यायचे म्हणजे त्यांच्यासोबत चालू खडक, चालू फिल्टर, निदान फिल्टरमधला ओला स्पंज घ्यावाच लागतो, नाहीतर घरी आल्यावर अमोनियाच त्यांना मारेल. म्हणजे जो संशयित इतिहास तुम्ही दाराबाहेर ठेवायचं ठरवलंत, तोच माशांच्या दयेपोटी घरात येतो. सुरक्षित सुरुवात आणि या दोन माशांची सोय, दोन्ही एकदम होत नाहीत. शिवाय तुम्ही दिलेल्या पैशांतून विकणारा नव्या गावी मोठी टाकी मांडू शकतो. तुम्ही त्याची जबाबदारी उचलली खरी, पण त्याला पुढच्या खरेदीसाठी मोकळंही केलंत.

हौशी : दोन्ही एकदम होत नाहीत, हे मान्य करतो. म्हणून जुन्या टाकीचे सौदे दोन वेगळ्या प्रकारचे मानावे लागतील. रिकामी टाकी घेणं ही साधनांची खरेदी आहे. तिथे घाई नाही आणि इतिहासही धुऊन टाकता येतो. मासे असलेली टाकी घेणं ही खरेदी नव्हे, ती जिवांची जबाबदारी घेणं आहे. तिथे खडक पाण्यातच बुडवून न्यायचा, स्पंज ओला ठेवायचा, नवं खारं पाणी आधी कालवून तयार ठेवायचं, पहिला आठवडा रोज अमोनिया तपासायचा, त्या टाकीत कुणाचीही भर घालायची नाही आणि शंख-झिंग्यांची आशा कदाचित कायमची सोडायची. जो नवशिका आहे, त्याने पहिलाच प्रकार निवडावा असं मी सांगेन. पण मग ते दोन मासे कुणाकडे जातील, याचं उत्तर माझ्या या सल्ल्यात नाही. अनुभवी माणसं पुरेशी असतील असं धरून मी बोलतोय, आणि ती नसतात. विकणाऱ्याच्या पुढच्या टाकीबद्दलही माझ्याकडे एवढंच आहे की माझ्या नकाराने तो थांबला नसता.

साशंक : माझ्याही बाजूला भोक आहेच. कुणीच टाकी घेऊ नये असं मी म्हणतो, तेव्हा आज काचेआड असलेल्या जिवांना मी वाऱ्यावर सोडतो. त्यांच्या दृष्टीने तुमची धडपड माझ्या तत्त्वापेक्षा उपयोगी आहे. म्हणून टाकी घ्यावी की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. माझा प्रश्न आता एवढाच आहे: जोडीतला एक मासा मेला, तर दुसरा आणणार का? आणलात तर टाकीची भूक तुम्ही चालू ठेवलीत, मग तो मासा पैदाशीचा का असेना. नाही आणलात तर तुमचा छंद त्या माशाच्या आयुष्याइतकाच. तो संपला की टाकी रिकामी आणि पुन्हा विकायला.

हौशी : आणला तर पैदाशीचाच आणीन, कारण ती केंद्रं टिकली तरच समुद्रातली पकड कमी होण्याची शक्यता आहे, गिऱ्हाईक नसेल तर पैदास कोण करील? तुम्ही म्हणाल की याच गिऱ्हाइकीतून समुद्रातल्या माशांची हाव वाढते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि कुठली जास्त खरी हे माझ्या एका टाकीवरून ठरणार नाही. पण टाकी विकत घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी ठरवणारा नवशिका आणि मासा मेल्यावर दुकानात गेल्यावरच विचार करणारा नवशिका, यांच्यात मला फरक दिसतो.

साशंक : फरक मलाही दिसतो. तो पुरेसा आहे, हे मात्र मी अजून मान्य केलेलं नाही.